मिरचीच्या वासाची गाडी

माझं नाव वच्छला. माहेर तापीच्या काठचं, प्रकाशा गावाच्या अलीकडे, गावाचं नाव नका लिहू, तिथले लोक वाचतील आणि म्हणतील हिनं गाव छापून आणलं. घरात आमची अहिराणी चालते, पण तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुमच्याशी शाळेतली मराठी बोलते, मध्येच घसरले तर समजून घ्या ताई. तर काय सांगत होते, तापीचा काठ. नदी चढली की पाणी आमच्या खालच्या गल्लीत यायचं, राहायचं आणि निघून जायचं, पण गाळ ठेवून जायचं. तो गाळ कुठे कुठे शिरायचा काय सांगू तुम्हाला, गोधड्यांत, उखळात, देवाच्या फोटोमागे. भिंत वाळली, अंगण सारवलं, तरी वास दिवाळीपर्यंत हटायचा नाही. जुन्या हंड्यात पाणी साचून राहिल्यावर येतो ना, त्यातला वास, पण त्याहून जड. मी त्या वासात लहानाची मोठी झाले. हे आधीच सांगते, कारण पुढे याचंच काम आहे.

लग्न करून आले ती नंदुरबारजवळ, खांडबाऱ्याच्या बाजूला. जमीन नावाला होती, भावाभावांत वाटून एवढीशी उरलेली. म्हणून मालक सुरतेला गेले, कापडाच्या लूमवर. आमच्याकडचे पुष्कळ जातात, सकाळी गाडीत बसलं की सुरत काही लांब नाही. पण ताई, लूमची ती बारीक रुई नाकातोंडात जाते. मालक सणाला यायचे ते खोकला घेऊन यायचे. आधी कोरडा खोकला, मग बोलता बोलता अडकायचा, मग बोलणं कमी आणि खोकलाच जास्त. तिकडेच गेले ते. निरोप आला तेव्हा मी पथारीवर होते, गाडी पकडून पोहोचले तोवर लोकांनी सगळी तयारी करून ठेवली होती, तोंड तेवढं पाहायला मिळालं. जाऊ द्या. ते सांगत बसले तर तुमची वही भरेल.

पथारी म्हणजे काय, ते बघितलं ना तुम्ही येताना? उघडं मैदान, आणि त्यावर ओली लाल मिरची पसरलेली, लांबवर लालच लाल. आम्ही बाया ती पसरतो, उलटतो, वाळली की बसून देठ खुडतो. लोकांना लांबून फोटो काढायला बरं वाटतं. आमचे हात संध्याकाळी पेटतात, घरी जाऊन ताकात बुडवून बसते मी, आणि चुकून डोळ्याला लागला हात तर झालंच. नव्या बाया शिंकून शिंकून बेजार होतात. मला आता ठसका लागत नाही, कधीमधी एखादी शिंक आली तर आली. उलट पथारी बंद असते तेव्हा चुकल्यासारखं वाटतं. त्या वासावर पोरगा वाढवला ना मी. मला तो वास म्हणजे घरात चूल पेटलेली आहे असाच वाटतो.

पोरगा भटू. एकुलता. शिकला थोडंफार, मग काय, तोच रस्ता, सुरत, तेच लूम. मी नको नको म्हटलं, पायाशी बसून रडले, पण इथे काय करणार होता तो? गेला. लग्न केलं, सून रंजना इथे माझ्याजवळ, नात झाली, आणि हा तिकडे. आला की मी त्याच्याकडे बघायचे कमी आणि ऐकायचे जास्त, खोकतो का म्हणून. एका दिवाळीला आला आणि म्हणाला, माय, माले आते सुरतले जानं नही. मी जुनी जीप घेतो, नंदुरबार-खांडबारा पॅसेंजर मारतो, बाजाराच्या दिवशी लोकांना बसायला जागा नसते. ताई, माझ्या मनात काय झालं ते मी सांगू शकत नाही. मी उठले आणि पाटल्या काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. रंजना म्हणाली, आई, थांबा जरा. मी कशाची थांबते. पोरगा घरी राहणार होता माझा.

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याला एक जण जुन्या गाड्या विकायचा. लोक त्याला आप्पा म्हणायचे. सगळ्या गाड्यांना झेंडूच्या माळा, जणू सगळ्या नवऱ्याच उभ्या. भटू म्हणाला, माय, तू बी चाल, पहिली गाडी आहे, तुझा पाय लागू दे. गेलो. आता हा आप्पा काही वाईट दिसणारा माणूस नव्हता हो. पांढरे कपडे, कपाळाला टिळा, आपल्यासारखंच बोलणं. या मावशी, बठा, तुम्हनं माहेर कोणतं? मी गाव सांगितलं. अरे मंग ते तुम्ही मन्ही मावशीच शेतस, म्हणे, त्या गावात आमची आत्या दिली आहे. कुठली आत्या, कोणाच्या घरी, मी विचारलं होतं, पण तेवढ्यात चहा आला आणि ते तसंच राहिलं. आजपर्यंत ती आत्या मला सापडली नाही.

त्यानं एक जीप दाखवली. रंग चांगला, शिटा नव्या शिवलेल्या. दार उघडलं आणि आतून जो वास आला, मी तर फटकन शिंकलेच. मिरची! आप्पा हसला. मावशी, हाई गाडी मिरचीचीच शे, म्हणे, एका शेतकऱ्याची, शेतातून पथारीवर मिरची वाहायची, बाकी काहीच केलं नाही तिनं. खाली बघितलं तर पायपुसणीवर बी पडलेलं, कोपऱ्याकोपऱ्यात भुकटी. भटूनं पुढची चटई उचलली. खाली पत्रा लाल. मी म्हटलं, हे काय रे लाल? आप्पा म्हणे, मावशी, आता तुम्हाला मी मिरची ओळखायला शिकवू का? मलाच हसू आलं. खरंच की, आमच्या पथारीवरच्या बायांचे पाय, लुगडी, डब्याचं झाकण, सगळं असंच लाल होतं, मिरचीच्या गाडीचा पत्रा लाल नसेल तर काय हिरवा असेल?

भटूच्या मनात होतं की खांडबाऱ्याच्या मिस्त्रीला आणून दाखवावी. आप्पा म्हणाला, दाखवा ना, पण उद्या शहाद्याचं गिऱ्हाईक येणार आहे, मग मला बोल लावू नका. भटूनं माझ्याकडे बघितलं. माय? एवढंच म्हणाला. मी परत एकदा त्या दारात वाकले, दम भरून वास घेतला, आणि म्हटलं, आपलीच मिरची शे. लई ले.

तर अशी घेतली गाडी. नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली, तेव्हा पण आम्ही हसलो, मिरचीच्या गाडीला मिरची काय बांधायची म्हणून. आणि खोटं नाही सांगत, ते दिवस चांगले गेले. सकाळी भटू मला पथारीवर सोडायचा, बाया म्हणायच्या, बघा वच्छलाबाई गाडीतून उतरते. संध्याकाळी घरी, नातीला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू द्यायचा. जेवायला बसला की मी त्याच्या ताटात वाढतच राहायचे, तो ओरडायचा, माय, पुरे ना. कधी दिवे बंद पडायचे, कधी हॉर्न आपोआप वाजत सुटायचा, लोक हसायचे, गाडी कोणाला हाका मारते म्हणून. जुनी आहे, चालायचंच, असं म्हणायचो आम्ही.

मग एका बाजाराच्या दिवशी खांडबाऱ्याच्या रेल्वे फाटकाजवळ ब्रेक लागलाच नाही. फाटक बंद, पुढे मोटरसायकली उभ्या, बायामाणसं उतरलेली. भटूनं पाय दाबला तर पाय खालीपर्यंत गेला. त्यानं गाडी बाजूच्या बाभळीत घातली म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते तोंडातून काढायला नको. कोणाला लागलं नाही. मागे बसलेल्या बाईची दुधाची बरणी तेवढी आडवी झाली, सगळं दूध गाडीत. ती बाई दूध गेलं म्हणून रडत होती आणि भटू परत परत ब्रेक दाबून बघत होता.

गाडी ओढून घरी आणली. दूध आंबेल म्हणून रंजना म्हणाली, चटया काढून धुऊन टाकू. नळी लावली. पहिल्यांदा पाणी लाल आलं, मिरचीचं, आम्ही दोघी शिंकत होतो. मग पाणी फिकट झालं, मग स्वच्छ, आणि पत्रा तसाच लाल. मी नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, त्याच्या खाली आणखी पापुद्रा. आणि मग वास आला. ओल्या चटईखालून, शिटांच्या खालून, हळूहळू. मी उकिडवी बसले होते ती तशीच राहिले. ताई, माझ्या माहेरचा वास होता तो. उतरलेल्या पुराचा गाळ. रंजना म्हणाली, आई, काय झालं? मी शिटेच्या फटीत हात घातला आणि वाळलेला काळा गाळ काढून तिच्यापुढे धरला.

मिस्त्री आला, आडवा होऊन खालून बघितलं, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, मावशी, हाई गाडी पाणीमा बुडेल शे. गुजरातकडे पुरात बुडालेली असणार, वरून रंगवली आहे. वायरी सडल्या, ब्रेकची नळी गंजून फुटली, चेसिसला भोकं. नळी बदलून देतो, पण चेसिस कुठे दम सोडेल सांगता येत नाही. माणसं बसवू नको भटू, तो म्हणाला, आणि घाटात तर नेऊच नको.

आम्ही आप्पाकडे गेलो. मी बोलायचं काय काय ठरवून गेले होते, त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर गाळ फेकायचा असं पण मनात होतं, पदरात बांधून नेला होता मी. त्यानं परत चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. मग म्हणतो कसा, वास ते तुम्हीच लिधा ना मावशी. घेतला होता खरा मीच. भटू म्हणाला, आम्ही तक्रार करू. करा, म्हणे, पाहून घेतली अशी तुमचीच सही आहे. आणि उठताना भटूच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, डोकं कशाला लावतो, मिरची काय तुम्हनाकडे कमी शे? परत भर, वरच्या लोकांना दे, डोंगरात गाड्या हातोहात जातात, गिऱ्हाईक मी धाडतो. माझ्या पदरातला गाळ पदरातच राहिला. घरी येऊन तुळशीत टाकला.

भटू तक्रारीला एकदा जाऊन आला, हेलपाटा झाला नुसता. मग घरात बसायला लागला. कोणाशी बोलेना. एके दिवशी मला म्हणाला, माय, पथारीवरथून भुकटी लई ये. मला समजलं कशाला. मी विचारलं, भटू, आणि नाही विकली तर? तो म्हणाला, मग सुरत. बस, एवढंच. आता तुमच्यापासून काय लपवू, आणली मी. पथारीच्या शेठला विचारून झाडलोट केलेली भुकटी आणि बी गोणीत बांधून आणलं आणि माझ्या हातानं गाडीत टाकलं. एका डोळ्यापुढे घाट होता आणि दुसऱ्या डोळ्यापुढे मालकांचं ते पांढऱ्यात बांधलेलं तोंड. मी दुसऱ्या डोळ्यानं बघत होते.

गिऱ्हाईक आलं ते वर डोंगरातल्या मोलगीकडचं, नवरा-बायको. तिकडे बाजाराला लोक डोक्यावर ओझं घेऊन चालत येतात, यांना त्यांच्यासाठी गाडी करायची होती. तो शांत, बोलायला कमी. बायको मात्र मोठी हौशी, पायात चांदीचे जाड वाळे, आमच्यासारखीच काम करून करून हात राठ झालेले. आपसात त्यांच्या बोलीत बोलत होती, आमच्याशी मराठी, हिंदी, जे सापडेल ते. भटूनं दार उघडलं आणि ती फटकन शिंकली. आणि हसली. मिरची का, म्हणाली. भटू म्हणाला, हो, मिरचीचीच गाडी आहे.

मी ओट्यावर बसले होते. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही, तोंडात पदर धरून बसले होते. ती बाई आत चढली आणि जागा लावायला लागली. इथे माझी सासू, म्हणाली, ती म्हातारी आहे, खिडकीजवळ. इथे बहीण आणि तिची पोरं. इथे खाली कोंबड्या, आणि कोंबड्यांचं तिकीट घ्यायचं नाही हं, असं नवऱ्याला दरडावते. तो हसतोय. भटूपण हसला थोडा, बऱ्याच दिवसांनी. आणि मी त्या बाईकडे बघत होते, तर मला तीच मी दिसायला लागले, आप्पाच्या आवारातली. मग माझे पाय उठले. मी गाडीपाशी गेले, चटई फेकली, आणि म्हटलं, बाई, ही मिरची नाही. हा गंज आहे. गाडी पुरात बुडालेली आहे, ब्रेक एकदा गेला आहे, तुझ्या सासूला हिच्यात बसवू नको.

तो माणूस वाकला, पत्र्यावरून बोट फिरवलं आणि जिभेवर ठेवलं. आणि थुंकला. वरून तिखट आहे, म्हणाला, खालून लोखंड. ताई, इतकी वर्षं मी मिरचीत काढली, आणि जिभेवर ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी नुसत्या नाकावर विसंबले. ती बाई खाली उतरली, माझ्याकडे बघितलं, माझा हात धरून दाबला आणि सोडला, आणि दोघं रस्त्याला लागली. चहासुद्धा घेतला नाही.

भटूनं माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तरी मला चाललं असतं. तो घरात गेला आणि पिशवी भरायला लागला. रंजनानं भाकरी बांधून दिल्या, त्या घेतल्या, पण मी दिलेला चटणीचा डबा ओट्यावर ठेवून गेला. स्टेशनवर मी त्याच्यामागे गेले होते. गाडी आली, चढला, पलीकडच्या खिडकीला बसला. मी उभी राहिले गाडी जाईपर्यंत. मला वाईट वाटलं का विचारता? मीच घालवला ना त्याला. परत त्याच लूमवर, त्याच रुईत. घरी येऊन मी त्या जीपला लाथ मारली, अंगठ्याचं नख गेलं, बघा, अजून नीट आलं नाही.

पुष्कळ दिवस फोन रंजनालाच यायचा. मी शेजारी बसून ऐकायचे. मला द्यायला सांगत नव्हता आणि मी मागत नव्हते. मग आखाजीला, तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आला. आखाजीला आमच्याकडे सगळे घरी येतात, लेकी येतात, झोके बांधतात, तेव्हा न येऊन कुठे जाईल? जेवला. नातीला झोका दिला. दुपारी मी ओट्यावर मिरचीचे देठ खुडत होते, तो येऊन बसला आणि माझ्या सुपातल्या मिरच्या घेऊन खुडायला लागला. तिकडे गाडी उभी होती निंबाखाली, चाकं बसलेली, कोंबड्या तिच्याखाली. त्याच कोंबड्यांकडे बघत म्हणाला, माय, तू नही बोलती ते मीच सांगणार व्हतू.

मी बोलले नसते तर त्या बाईला त्यानंच सांगितलं असतं म्हणे, खरं म्हणाला का माझं मन राखायला म्हणाला, देवाला माहीत. मी विचारलं नाही. खुडत राहिले. जाताना चटणीचा डबा त्यानं मागून घेतला.

आता तसंच चालू आहे. तो तिकडे, आम्ही इकडे. गाडी भंगारवाल्याला द्यायची म्हणतो, पण भंगारवाला येतो आणि तो पण नाक मुरडतो, मी त्याला सगळं आधीच सांगते ना. आप्पाला मी शिव्याशाप देत नाही, त्यालापण आई असेल. त्या मोलगीच्या बाईनं दुसरी कुठली गाडी घेतली की नाही माहीत नाही, घेतली असेल तर तिची सासू खिडकीजवळ बसत असेल. तिचं भलं होवो. तुमचंही होवो ताई, एवढं बसून ऐकलंत, जाताना थोडी मिरची घेऊन जा, पण गाडीत उघडी ठेवू नका.

भटूचा फोन आता मला येतो, सुटीच्या दिवशी सकाळी. आधी मी काहीच बोलत नाही. फोन कानाला घट्ट धरते आणि त्याचा श्वास ऐकते. मालकांचा सुरुवातीचा खोकला मला पाठ आहे, तो कुठून निघतो, कसा अडकतो, सगळं. अजून तरी तसलं काही नाही, साफ आहे. तो तिकडून विचारतो, माय, काय आयकी ऱ्हायनी? मी म्हणते, काही नही रे. बोल.